ज्या कोर्टाने साक्षीदार पाहिला

ढमढेरे मॅडमचा पहिला निकाल मीच टाइप केला,
गोदरेजच्या मशीनवर, तीन कार्बन घालून.
एकोणऐंशी साल. शिवाजीनगर कोर्ट.
दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर.
खुर्ची त्यांना उंच व्हायची, म्हणून पायाखाली
नाझराच्या खोलीतून एक फळकूट आणलेलं.

दावा सूस गावचा, गट नंबर दोनशे सतरा,
विहिरीच्या पाण्यात आठवड्याच्या दोन पाळ्या.
वादी ठकूबाई चांदेरे, विधवा. प्रतिवादी सख्खा दीर.
मॅडम स्वतः पाहणीला निघाल्या,
मागे मी, वही घेऊन.
पाषाणपुढे डांबर संपलं. पुढे ढेकळं.
त्या विहिरीच्या काठाशी बसल्या,
दगडावर दोराने पडलेल्या खाचांत बोटं घातली.
एक खाच जुनी, गुळगुळीत. दुसरी त्याहून जुनी.
"लिहा," म्हणाल्या, "इथे दोन घरांनी पाणी ओढलं आहे."

निकाल बाईच्या बाजूने. खर्चासह.

दोन वर्षांनी अपिलात फिरला.
फिरवणाऱ्यांनी विहीर पाहिली नव्हती.
पाहायची नसतेच.
अपिलात माणूस येत नाही, त्याचा कागद येतो,
घाम वाळलेला, हुंदक्याच्या जागी
टायपिस्टने दिलेला स्वल्पविराम.
"खालच्या कोर्टाने भावनेच्या भरात..."
मॅडमनी चारही शब्द वाचले, घडी घातली
आणि पट्टेवाल्याला म्हणाल्या, पुढचा पुकारा करा.
ठकूबाईंची घागर आता ओढ्यावर असते,
असं बेलिफ सांगत होता. कुणी विचारलं नव्हतं.

मग बदल्या. शिरूर, सांगोला, कळंब,
जिथे क्वार्टरच्या पत्र्यावर रात्रभर वानरं नाचायची.
पंधरा वर्षांनी परत, त्याच दगडी इमारतीत,
मजला वरचा. जिल्हा न्यायाधीश.
आता अपिलं त्यांच्या टेबलावर.

पहिल्याच डिक्टेशनला
"खालच्या कोर्टाने" येणार म्हणून
मी खूण आधीच काढून ठेवली.
"खोडा," म्हणाल्या. "लिहा,
ज्या कोर्टाने साक्षीदार पाहिला, त्या कोर्टाने."

एवढ्या लांब वाक्याला मी एक आकडी बसवली,
नखाएवढी, शेपूट वर.
माझ्या वह्यांत ती हजारदा असेल.
आज ती वाचणारा मी एकटाच.

मऊ होत्या म्हणाल तर नाही.
फिरवायचे ते फिरवलेच, पुष्कळ.
एका नामांकित वकिलाने अशिलाच्या म्हातारपणावर
अर्धा तास आवाज कापरा केला,
मॅडम चष्मा पुसत म्हणाल्या, "पान नंबर सांगा."
पण एखाद्या दुपारी, कोर्ट उठल्यावर,
जबानीचं एकच पान त्या पुन्हा पुन्हा वाचायच्या,
कागद तिरका धरून, उजेडासमोर,
जणू पाठीमागून कुणी दिसेल.

पुढे उच्च न्यायालय. मुंबई, नागपूर, औरंगाबाद.
मी इथेच राहिलो, पेन्शनीत निघालो.
त्यांचे निकाल मिळतील तिथून मिळवून चाळायचो.
वाक्य इंग्रजीत गेलं होतं,
चाल तीच.
दिल्लीने त्यांचेही काही फिरवले.
तिथेही कुणी विहीर पाहिली नसणार.

गेल्या चैत्रात फोन आला.
"मोकळे आहात का? सूसला जाऊन येऊ."
रिक्षाने गेलो. पाषाणपुढे डांबर संपलं नाही,
संपेचना.
दोनशे सतरावर चौदा मजले उभे.
गेटपाशी टँकर, टँकरमागे टँकर.
वॉचमनने वही पुढे केली. नाव. कुणाकडे. काम.
मॅडमनी सुवाच्य अक्षरात लिहिलं:
इंदुमती ढमढेरे. ठकूबाई चांदेरे. पाहणी.

"फ्लॅट नंबर?"
त्यांनी गट नंबर सांगितला.
तो पोरगा बिहारकडचा, सभ्य;
इंटरकॉमवर विचारून म्हणाला, "ऐसा कोई नहीं है, मॅडम."

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या.

टँकरच्या पायपातून थेंब थेंब गळत होतं.
त्याखाली हात धरून त्या बराच वेळ उभ्या राहिल्या.
मी सवयीने खिसा चाचपला.
पेन्सिल नव्हती.